नावात तफावत

"छत्री द्या जरा, गुरुजी."

हणमंता मिस्त्रीने हात पुढे केला तेव्हा मला वाटलं, त्याला ऊन लागतंय. एप्रिलचा दुसरा आठवडा होता आणि आमच्या प्लॉटवर सावली म्हणून काही नव्हती. मी छत्री दिली. त्याने ती उघडली नाही. मिटलेली छत्री टोकाकडून जमिनीतल्या एका भेगेत घातली आणि हळूहळू खाली दाबत गेला. छत्री कुठेही अडली नाही. शेवटी तिची बाकदार मूठ तेवढी वर राहिली, खुंटीसारखी.

"अहो, छत्री गेली की!" कुमुद हसली.

"छत्री गेली, वैनी, तर घर बी जाईल," हणमंता म्हणाला. "काळी माती हाय ही. उन्हाळ्यात फाटती, पावसाळ्यात फुगती. हिच्यावर घर नुसतं ठिवलं तर ते दर साली उठाबशा काढंल. मुरूम लागंस्तवर खाली जायला पायजे. पाच हात तरी."

"पाच हात?" मी म्हणालो. "एवढं लागतं?"

"छत्रीला इचारा," तो म्हणाला आणि त्याने ती ओढून काढली, धोतराच्या सोग्याने पुसली, मला परत दिली.

मी त्या वेळी आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. फावल्या वेळात एका छापखान्याची मुद्रितं तपासायचो. गुरुजी मी कुणाचाच नव्हतो, पण हातात पुस्तक दिसलं की गुरुजी, असं हणमंताचं होतं. वीस वर्षं आम्ही दोघं दोन भाड्याच्या खोल्यांत काढली होती. तिथल्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. कुमुद भर दुपारी दिवा लावून भाकरी थापायची. म्हणून प्लॉट घेतल्यापासून तिचं एकच होतं, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. बाकी घर कसंही चालेल.

तिने रिकाम्या जमिनीवर चार दगड मांडून आपलं स्वयंपाकघर आखलं होतं. त्यात उभी राहून ती हवेत कणीक मळून दाखवत होती. "इथे ओटा. समोर खिडकी. मान वर केली की तो कडुलिंब दिसला पाहिजे."

हणमंताने कमरेची सुतळी सोडली. "हात वाकवा, वैनी. कणीक मळताना असतो तसा. हां, हलू नका." त्याने सुतळीचं एक टोक तिच्या पायाशी स्वतःच्या पायाखाली धरलं आणि कोपराच्या जरा खाली गाठ मारली. "ही तुमची गाठ. ओटा हितंच येनार. लोक आपले दुसऱ्याचं बघून ओटं बांधतात आन बायका जलमभर खांदं चोळतात."

कुमुदने माझ्याकडे पाहिलं. तिचं ठरलं होतं.

माझंही जवळजवळ ठरलं होतं. हणमंताने गावातली निम्मी घरं बांधली होती आणि त्यातल्या एकालाही भेग गेल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण त्याच वर्षी नगरपालिकेचा नियम कडक झाला होता. नव्या बांधकामाच्या प्रकरणावर परवानाधारक ठेकेदाराची सही लागायची.

"मिस्त्री, परवाना मिळाला ना तुम्हाला?" मी विचारलं. "दोन वर्षांमागे आपण अर्ज केला होता."

"व्हय. तुमीच लिवला हुता."

"मग?"

तो सुतळी गुंडाळत होता. सगळी गुंडाळून त्याने ती कमरेला खोचली. मग त्याने एकदा कुमुदकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"न्हाई मिळाला. कागद जुळंनात म्हनले."

मला वाटलं, दाखले हरवले असतील. या लोकांचे कागद पत्र्याच्या डब्यात, छपराला खोचलेले, उंदरांनी कुरतडलेले. मी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्याच्या अडचणीत नाक खुपसायचं नाही, असं मी स्वतःला नेहमी सांगत आलोय. खरं तर मला विचारायला भीती वाटते.

तो अर्ज मला चांगला आठवत होता. हणमंता वाचनालयात माझ्या टेबलापाशी उकिडवा बसला होता. खुर्ची दिली तरी बसला नव्हता. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. तो म्हणाला, "पंदरा वर्सं थापी धरलीया." मी लिहिलं, 'गेली पंधरा वर्षे मी गवंडीकामाचा व्यवसाय सचोटीने करीत आहे.' तो म्हणाला, "कुनाचं नाव घ्यायला जागा ठिवली न्हाई." मी लिहिलं, 'माझ्या कामाविषयी आजवर एकही तक्रार नाही.' सगळं लिहून झाल्यावर मी त्याला अर्ज वाचून दाखवला. तो तोंड उघडं टाकून ऐकत राहिला आणि म्हणाला, "ह्यो मानूस म्याच का?"

आम्ही दोघंही हसलो होतो. मी त्या संध्याकाळी घरी येऊन कुमुदला ते सांगितलंही होतं.

प्लॉटवरून परतताना कुमुद म्हणाली, "त्यात काय एवढं? सही कुणा परवानावाल्याची घ्यायची आणि बांधायचं हणमंताने. पाटणकरांनी तेच केलं. सगळे तेच करतात."

"तो खोटेपणा झाला."

"कुणाचं वाईट होतंय त्यात?"

"उद्या चौकशी झाली तर? काही कमीजास्त झालं तर जबाबदार कोण? कागदावर एक आणि प्रत्यक्षात एक..."

"तुम्हाला खोटेपणाची भीती नाही वाटत," ती म्हणाली. "तुम्हाला साहेबाची भीती वाटते."

ती बरोबर होती. पण तसं म्हणायलाही धीर लागतो.

शशिकांत उपळेकर हे गावातले पहिले परवानाधारक ठेकेदार. बाजारपेठेत त्यांचं कचेरीवजा दुकान होतं. बाहेर पाटी, आत टेबल, टेबलावर काच, काचेखाली देवांचे फोटो आणि मागच्या भिंतीवर चौकटीत बसवलेला परवाना. आम्ही गेलो तेव्हा उपळेकर फोनवर होते. त्यांनी हाताने बसायची खूण केली. मी परवाना वाचायला लागलो. छापील काही दिसलं की माझे डोळे आपोआप तिकडे जातात, आणि चूक असली की आधी तिच्यावर जातात. परवान्यावर लिहिलं होतं, 'श्री. शशीकांत दत्तात्रय उपळेकर'. शी दीर्घ. बाहेरच्या पाटीवर ऱ्हस्व होती. पाटी बरोबर होती आणि सरकारी कागद चुकलेला. माझा हात खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला. कुमुदने तो पाहिला आणि हळूच चिमटा काढला.

"आता यांचा परवानाही तपासणार का?" ती कुजबुजली. माझ्या या सवयीवर ती फार चेष्टा करायची. लग्नपत्रिका आली की म्हणायची, आधी हळदकुंकू लावू की तुमची लाल पेन्सिल?

उपळेकरांनी फोन ठेवला. "बोला रिसबूडसाहेब! वाचनालयवाले म्हणजे सरस्वतीच. तुमचं घर बांधायचं म्हणजे आमचं भाग्य."

कुमुदने खिडकीचं सांगितलं. कडुलिंबाचं सांगितलं. ओट्याच्या उंचीचं सांगितलं.

"होणार, वहिनी. सगळं होणार. नकाशात दाखवू."

"पाया पाच हात न्यायचा आहे," कुमुद म्हणाली. "माती काळी आहे."

"कोण म्हणालं?"

"छत्री," कुमुद म्हणाली.

उपळेकर हसले, पण त्यांना ते कळलं नाही. त्यांनी मागे वळून परवान्याकडे बोट केलं. "वहिनी, तो कागद भिंतीवर आहे ना, म्हणजे जबाबदारी माझी. मातीचं टेन्शन तुम्ही घ्यायचं नाही. काही झालं तर कागदावर मी आहे. त्या गवंड्याबिवंड्यांचं काय असतं? आज इथे, उद्या तिथे. धरणार कुणाला?"

मला हे पटलं. कुणाला तरी धरता येईल, या विचाराने मला एकदम हलकं वाटलं. मी करारावर सही केली. सही करण्याआधी करार दोनदा वाचला आणि त्यातल्या तीन शुद्धलेखनाच्या चुका मनातल्या मनात दुरुस्त केल्या. पायाच्या खोलीचा आकडा त्यात कुठेच नव्हता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पंधरा दिवसांनी चर खणायला सुरुवात झाली. मी वाचनालयात जाण्यापूर्वी सकाळी तिकडे चक्कर टाकली. चरात पाच-सहा माणसं होती. एकाने पाठ सरळ केली आणि डोक्याचा टॉवेल सोडून तोंड पुसलं. हणमंता होता.

"मिस्त्री, तुम्ही इथे?"

"उपळेकर सायबाकडं लागलोय. रोजावर." तो हसला. "परवाना त्येंचा, हात आमचा. तुमचं घर काय मला सोडंना, गुरुजी."

मीही हसलो. मला बरं वाटलं. मनात म्हणालो, बघ, शेवटी हणमंताच बांधतोय की, आणि तेही नियमात बसून. कुमुदला हे सांगायचं ठरवत मी वळलो, तेवढ्यात तो चरातून वर आला आणि माझ्याबरोबर चार पावलं चालला.

"गुरुजी, अडीच हातावर थांबायला सांगितलंय."

"म्हणजे?"

"म्हंजे चर. आज सांजच्याला थांबनार. उद्या दगूड भरनार. मुरूम अजून लई खाली हाय." तो खालच्या आवाजात बोलत होता. "म्या एकदा सांगून बघितलं. रोजगाऱ्याचं कोन ऐकतंय? तुमी मालक हाय. तुमी म्हनला तर खाली जातील. आजच्या आज बोला. दगूड पडला की संपलं."

मी वाचनालयात गेलो नाही. सरळ वळून बाजारपेठेत गेलो. वाटेत काय बोलायचं ते तीन वेळा मनात लिहून काढलं. पहिल्या मसुद्यात मी फार रागावलेला होतो, तो खोडला. दुसऱ्यात फार गयावया होती. तिसरा बरा होता.

उपळेकर चहा पीत होते. "या साहेब! चहा?"

"नको. ते... पायाविषयी बोलायचं होतं."

"बोला ना."

"अडीच हात कमी होईल असं वाटतं. मातीचा विचार करता."

उपळेकरांनी कप खाली ठेवला. "मिस्त्री बोलला का?"

इथे मी तिसरा मसुदा विसरलो. हणमंताचं नाव घेतलं तर त्याला कामावरून काढतील, असं मनात आलं. निदान मी आजवर स्वतःला तसंच सांगत आलोय. "नाही, नाही," मी घाईने म्हणालो. "मी वाचलं. एका पुस्तकात."

"पुस्तकात!" ते इतके मोठ्याने हसले की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला. "साहेब, पुस्तक लिहिणार पुण्यात बसून, आणि माती इथली! तुम्ही कादंबऱ्या द्यायच्या, आम्ही पाये भरायचे. मी कधी म्हटलं का तुम्हाला की अमुक पुस्तक तमुक कपाटात ठेवा?"

"तसं नाही..."

"परवाना कुणाकडे आहे?"

मी भिंतीकडे पाहिलं. दीर्घ शी तिथेच होती.

"तुमच्याकडे," मी म्हणालो.

"मग झालं तर. चहा घ्या."

मी चहा घेतला. तो पूर्ण प्यायलो आणि आभारही मानले.

प्लॉटवर परत आलो तेव्हा माणसं भाकरीला बसली होती. हणमंता बसला नव्हता. चराच्या कडेला कुदळ रोवून तिच्यावर हात ठेवून उभा होता. माझी वाट पाहत होता, हे लांबूनच कळत होतं.

"काय म्हनले?"

"ते म्हणतात, पुरे आहे."

"आन तुमी काय म्हनता?"

मी चष्मा काढून पुसला. "त्यांच्याकडे परवाना आहे, मिस्त्री."

हणमंता माझ्याकडे बघत राहिला. तो रागावला असता तर मला ते समजलं असतं. पण तो तसा बघत नव्हता. एखाद्या भिंतीला ओळंबा लावून कारागीर एक डोळा मिटून बघतो, तसं बघत होता.

"व्हय," तो शेवटी म्हणाला. "त्येंच्याकडं हाय." आणि चरात उतरला.

कुमुदला मी सांगितलं, की उपळेकरांशी बोललो, ते म्हणाले काळजी नको. ती म्हणाली, "तुम्ही बोललात? खरंच?" तिच्या आवाजात कौतुक होतं.

घर दिवाळीच्या आधी उभं राहिलं. वास्तुशांतीच्या दिवशी कुमुदने पूर्वेची खिडकी उघडली आणि कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली. कडुलिंब दिसत होता. आणि ओटा तिच्या कोपराच्या जरा खाली, बरोबर जिथे असायला हवा तिथे होता. नकाशात उपळेकरांनी तो तीन इंच उंच दाखवला होता. हणमंताने नकाशाकडे बघितलंच नव्हतं. सुतळीची गाठ त्याने इतके महिने जपून ठेवली होती.

पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात, आषाढात, सकाळी कुमुदने हाक मारली. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली होती, केसाएवढी, तिरकी. आठ दिवसांनी तिच्यात पोस्टकार्ड जाऊ लागलं. मग चौकट तिरकी झाली आणि खिडकी उघडेना. आम्ही दोघांनी मिळून ढकलून पाहिली. कुमुदने ओट्यावर पाय ठेवून, लाटण्याने ठोकून पाहिली. गजाआडून कडुलिंब दिसायचा तो बंद झाला, कारण झडपा लाकडी होत्या. ती पुन्हा दिवा लावून भाकरी थापायला लागली.

उपळेकर बघायला आले. भेगेत नख घालून म्हणाले, "साहेब, घराला भेगा पडायच्याच. माणसाच्या तोंडावर सुरकुत्या पडतात, तसं. सिमेंट भरून घ्या."

"पण जबाबदारी..." मी म्हणालो.

"एक वर्षाची. करारात आहे. तुम्ही तर वाचला होता की दोनदा."

ते गेल्यावर कुमुद म्हणाली, "हणमंताकडे जा. त्याला म्हणावं, खिडकी तेवढी उघडून दे. बाकी भिंत राहू दे तशी. आणि त्याला एकदा विचारा तरी, त्याच्या परवान्याचं नेमकं काय झालं होतं? एवढा चांगला कारागीर. त्याला तो मिळाला असता तर आपण या माणसाच्या दारात कशाला गेलो असतो?"

रविवारी सकाळी मी गेलो. हणमंताचं घर नाक्यापलीकडच्या वस्तीत होतं. तो दारात बसून एका पाट्याला टाकी लावत होता. छिन्नीचे बारीक घाव घालून पाट्याचा गुळगुळीत झालेला पृष्ठभाग पुन्हा खरबरीत करत होता. बाजूला आणखी दोन-तीन पाटे आणि एक जातं पडलेलं होतं.

"या गुरुजी." त्याने गोणपाट पसरलं.

"हे काय? उपळेकरांकडे जात नाही?"

"सोडलं. तुमच्या मागनं आनखी एक घर हुतं, तितं बी अडीच हातच म्हनले. म्हनलं, एक क्येलं तेवढं बास." त्याने छिन्नी उचलली, खाली ठेवली. "भेग गेली न्हवं?"

"खिडकीपाशी."

"उगवतीच्या कोपऱ्यात. व्हय. तितं माती लई वाईट हुती." जणू एखाद्या आजारी माणसाची चौकशी करावी तसं तो बोलला.

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. आणि मी म्हणालो, "मिस्त्री, तुमचे कागद तेव्हा नीट असते ना, तर ही वेळच आली नसती. परवाना तुम्हाला मिळायला हवा होता. कागद जपून ठेवायला हवेत हो माणसाने."

दारात त्याची बायको मलव्वा उभी होती. "दावा की मग त्यास्नी," ती म्हणाली. "कसं जपल्यात ते दावा."

"गप ग."

"का गप? चार वर्सं गपच हाय म्या."

ती आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. पिशवीत पुठ्ठा, पुठ्ठ्यात कागद. एकही दुमडलेला नव्हता. तीन घरमालकांचे दाखले होते, मोडक्या-तोडक्या मराठीत, पण सही-तारखेनिशी. तिन्हींवर नाव होतं, हणमंता यल्लाप्पा मुधोळे. रेशनकार्डाची नक्कल होती. हणमंता यल्लाप्पा मुधोळे. आणि सगळ्यांत वर माझा अर्ज. माझं अक्षर. एकही खाडाखोड नाही.

'अर्जदाराचे नाव: श्री. हनुमंत यल्लप्पा मुधोळे.'

नावाभोवती लाल शाईचं वर्तुळ होतं आणि समासात लिहिलेलं होतं, 'अर्जातील व दाखल्यांतील नावात तफावत. नामंजूर.'

वर्तुळातला 'हनुमंत' हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. खोटं कशाला सांगू, आधी मी त्यात चूकच शोधत होतो. नु ऱ्हस्व. मवर अनुस्वार. शब्द निर्दोष होता. तो लिहिताना मला काही वाटल्याचं आठवत नाही. त्याने हणमंता यल्लाप्पा म्हटलं असेल आणि माझ्या हाताने हनुमंत यल्लप्पा लिहिलं असेल, 'वर्सं'चं 'वर्षे' लिहिलं तसं.

"चार खेपा घातल्या ह्येनी नगरपालिकेत," मलव्वा म्हणाली. "त्यो कारकून म्हनायचा, ह्यो हनुमंत कोन हाय त्येला घिऊन ये."

"तुम्ही त्यांना सांगायचं ना, की नाव चुकलंय म्हणून," मी हणमंताला म्हणालो.

"सांगितलं की. त्यो म्हनला, एवढं मोत्यावानी अक्षर, खाडाखोड न्हाई, ह्यो मानूस चुकायचा न्हाई. तुलाच तुजं नाव धड येत नसंल." हणमंता पाट्यावरचा चुरा हाताने झाडत होता. "मला बी वाटलं, आसंल. तुमी लिवलं ते शुद्ध आसनार. आमचंच आशुद्ध."

"मला का नाही सांगितलंत? मी दोन मिनिटांत..."

"आलो हुतो वाचनालयात. तुमी कुनाची तरी लग्नपत्रिका लाल पेन्सिलीनं नीट करत हुता. नावंच नीट करत हुता. म्हनलं, ऱ्हाऊ दे."

"आणि त्या दिवशी प्लॉटवर? मी विचारलं तेव्हा?"

त्याने छिन्नीची धार अंगठ्याने चाचपली. मग म्हणाला, "तितं वैनी हुत्या की, गुरुजी."

मी म्हणालो, "मी पुन्हा अर्ज लिहून देतो. आत्ता. कागद आहे का घरात?"

"नको," हणमंता हसला. अगदी मोकळं हसला. "एकदा लिवला तेवढा पुरं."

मलव्वा हसली नाही. तिने कागद माझ्या हातातून काढून घेतले, पुठ्ठ्यात घातले, कडा जुळवल्या आणि पिशवी आत नेली.

"खिडकीचं करतो की," हणमंता म्हणाला. "मंगळवारी येतो. पर आदीच सांगतो, वरनं लिंपता यील. खालचं ते खालीच ऱ्हानार."

येताना बाजारपेठेतून आलो. उपळेकरांचं दुकान रविवार असल्याने बंद होतं. पाटीवर शशिकांत होतं. दाराच्या काचेतून मागची भिंत दिसत होती. तिथे शशीकांत होतं. मी बराच वेळ उभा राहिलो. एका ओळखीच्या माणसाने विचारलं, कुणाची वाट बघताय? मी म्हणालो, कुणाची नाही.

कुमुद स्वयंपाकघरात होती. दिवा लावलेला होता. पिठाचे हात तसेच धरून ती वळली.

"येतो म्हणाला का?"

"मंगळवारी."

"आणि परवान्याचं विचारलंत?"

"विचारलं."

"मग? काय झालं होतं?"

ओट्याच्या कडेला टेकून मी उभा होतो. तो ओटा तिच्या मापाचा होता, माझ्या नाही.

"कागद जुळले नाहीत," मी म्हणालो.

"कसले कागद?"

"असेच. दाखले वगैरे."

"बघा," ती म्हणाली आणि पुन्हा भाकरीकडे वळली. "एवढ्याशा कागदापायी."

हणमंता मंगळवारी आला. त्याने भेग भरली, झडपेची कड रंध्याने तासली, खिडकी उघडून दिली. कुमुदने त्याला दूध घालून चहा दिला आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत बसली. मी वाचनालयात लवकर गेलो होतो. पुढच्या आषाढात खिडकी पुन्हा अडकून बसली. तोवर तो मुलीच्या गावी राहायला गेला होता. तिथून त्याचं काही कळलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

कुमुद त्या घरात एकोणीस वर्षं राहिली. दर वर्षी आषाढ लागला की ती खिडकी ढकलून बघायची. मग लाटणं घ्यायची, दोन-तीन दणके घालायची आणि उपळेकरांना नावं ठेवायची. नालायक, लबाड, परवान्याची चौकट गळ्यात बांधून फिरा म्हणावं. मी पुस्तकातून डोकं वर काढायचो नाही.

दमली की ती लाटणं खाली ठेवायची आणि माझ्या जवळ येऊन बसायची.

"जाऊ दे," ती म्हणायची. "तुम्ही तरी काय करणार? तुम्ही आपले नियमाने वागलात."

मी मान हलवायचो.